पोस्टातलं जुनं एनएसएस खातं: पैसे काढले तर कर लागतो का?

घरातल्या लोखंडी कपाटात, विम्याच्या कागदांखाली, पोस्टाचं एखादं जुनं पासबुक सापडतं. वर 'राष्ट्रीय बचत योजना' किंवा नुसतंच 'एनएसएस-87' लिहिलेलं असतं. शेवटची नोंद कधीची ते घरात कुणाला आठवत नाही. आजोबांना विचारलं तर ते म्हणतात, "राहू दे रे ते. हात लावला की सगळ्या रकमेवर टॅक्स बसतो."

आजोबांचं म्हणणं पस्तीसेक वर्षं अगदी बरोबर होतं. आता मात्र ते लागू नाही, आणि हा बदल बऱ्याच घरांपर्यंत अजून पोचलेला नाही. ओळखीतल्या ज्येष्ठांची विवरणपत्रं भरताना मला हे खातं अधूनमधून भेटतं. दर वेळी तीच भीती दिसते आणि तोच पैसा बिनव्याजी पडून असतो. म्हणून हा लेख.

थेट उत्तर आधी देतो. खातं एखाद्या व्यक्तीच्या नावावर असेल आणि पैसे 29 ऑगस्ट 2024 रोजी किंवा त्यानंतर काढले असतील, तर मुद्दलावर कर नाही आणि साचलेल्या व्याजावरही नाही. रकमेला मर्यादा नाही. ही सवलत जाहीर करणाऱ्या 2025 च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्र्यांनी उल्लेख ज्येष्ठ नागरिकांचा केला होता, पण सवलतीला वयाची अट नाही. दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची: 1 ऑक्टोबर 2024 पासून या खात्यावर व्याज मिळणं बंद झालं आहे. म्हणजे आज तिथे ठेवलेला पैसा जागच्या जागी थांबलेला आहे.

आता हे असं का झालं ते पाहू. कारण कळलं की कोणाला काय लागू होतं ते आपोआप उलगडतं.

ही योजना 1 एप्रिल 1987 पासून सुरू झाली. त्या वर्षीचा अर्थसंकल्प पंतप्रधान राजीव गांधी यांनी मांडला होता. अर्थखातंही तेव्हा त्यांच्याकडेच होतं. प्राप्तिकर कायद्यात त्यासाठी 80सीसीए हे नवं कलम आलं. पोस्टात या योजनेत पैसे भरा आणि ती रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करून घ्या, असा व्यवहार. पुढे ही वजावट वर्षाला 40,000 रुपयांपर्यंत गेली. व्याज 11 टक्के होतं.

आज 40,000 हा आकडा किरकोळ वाटेल. तेव्हाचे कराचे दर आठवा. 18,000 रुपयांच्या वरच्या उत्पन्नावर कर सुरू व्हायचा तोच 25 टक्क्यांनी, आणि 1 लाखाच्या वरच्या भागावर दर होता 50 टक्के, वर अधिभार वेगळा. बँकेतला अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर, छोटा कारखानदार यांच्यासाठी भरलेल्या दर शंभर रुपयांमागे चाळीस-पन्नास रुपयांचा कर टळत होता. मार्च महिन्यात अल्पबचत एजंट घरी येऊन फॉर्म भरून घ्यायचे, कारण 31 मार्चच्या आत पैसे भरले तरच त्या वर्षीची वजावट.

पण त्याच कलमात पुढे एक उपकलम होतं, आणि सगळी गुंतागुंत त्यातून आली. वजावट घेतलेली रक्कम, तिच्यावर साचलेल्या व्याजासकट, ज्या वर्षी काढाल त्या वर्षी ती तुमचं उत्पन्न धरली जाईल. फक्त व्याज नव्हे, मुद्दलसुद्धा.

"माझेच पैसे मी काढतोय, त्यावर कर कसला?" हा प्रश्न मला अनेकांनी रागाने विचारला आहे. उत्तर असं की भरताना त्या पैशांवर कर दिलाच नव्हता. सरकारने कर माफ केला असं लोकांना वाटलं, प्रत्यक्षात सरकारने तो उधार ठेवला होता. पीपीएफमध्ये भरताना वजावट मिळते, व्याजावर कर नाही आणि काढतानाही नाही. तिथे खरोखरची माफी आहे. एनएसएसमध्ये उधारीची वही उघडी राहिली. व्याजावरही दरवर्षी कर द्यावा लागत नव्हता, तोही त्याच वहीत चढत गेला.

मग 1 एप्रिल 1992 पासून नव्या ठेवींवरची वजावट बंद झाली. ऑक्टोबर 1992 मध्ये दुसरी योजना आली, एनएसएस-92. तिचा ढाचा वेगळा होता: तिच्या ठेवीवर कलम 88 खाली थेट करातून सवलत होती, 80सीसीएचा संबंध नव्हता, त्यामुळे मुद्दल काढताना ते उत्पन्न धरण्याचा प्रश्न तिथे नव्हता. तीही योजना 2002 मध्ये नव्या ठेवींसाठी बंद झाली. जुनी खाती मात्र चालू राहिली. 11 टक्क्यांचा दर उतरत उतरत शेवटी 7.5 टक्क्यांवर आला, तरी व्याज दरवर्षी खात्यात जमा होत राहिलं आणि व्याजावर व्याज चढत गेलं.

चक्रवाढ काय करते ते इथे पाहण्यासारखं आहे. 1 लाख रुपये 11 टक्क्यांनी 10 वर्षं ठेवले तर साधारण 2 लाख 84 हजार होतात. तीच रक्कम पुढे 7.5 टक्क्यांनी 20 वर्षं राहिली तर 12 लाखांच्या आसपास जाते. हा ढोबळ हिशोब आहे, मधले दर वेगळे होते, पण अंदाज येतो. म्हणजे तीन-चार वर्षं 25-30 हजार रुपये भरणाऱ्या माणसाच्या खात्यात तीस वर्षांनी दहा-बारा लाख दिसणं यात नवल काही नाही.

आणि हे बारा लाख एकाच वर्षी काढले तर? समजा 70 वर्षांच्या एका निवृत्त बाईंचं पेन्शनचं करपात्र उत्पन्न 5 लाख आहे. 2024-25 या आर्थिक वर्षाच्या जुन्या करप्रणालीत त्यांना कर शून्य, कारण 5 लाखांपर्यंत कलम 87एची सूट आहे. त्यात 12 लाख मिळवा: उत्पन्न 17 लाख. कर 3,20,000, त्यावर 4 टक्के उपकर धरून 3,32,800 रुपये. नव्या प्रणालीतही 2,08,000 होतो. तीस वर्षांचं व्याज एका वर्षाच्या उत्पन्नात कोंबलं की माणूस थेट वरच्या टप्प्यात जाऊन बसतो. शिवाय वर्षभरात 2,500 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम काढली की कलम 194ईई खाली 10 टक्के टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापून घेतलेला कर, पोस्टातच कापला जायचा.

ज्यांना कुणी वेळेवर समजावलं त्यांनी यातून वाट काढली. वर्षातून एकदा पैसे काढायची सोय होती. निवृत्तीनंतर उत्पन्न कमी झालं की दरवर्षी थोडी थोडी रक्कम काढायची, करमुक्त मर्यादेच्या आत राहील इतकीच. नोकरीत असताना 40 टक्क्यांचा कर वाचवलेला, आणि काढताना शून्य किंवा 5 टक्के दिलेला. कायद्याच्या चौकटीत राहून केलेलं हे चोख नियोजन होतं. दुर्दैवाने असं करणारे मला मोजकेच भेटले. बाकीच्यांनी खात्याकडे पाठ फिरवली.

पाठ फिरवण्यामागे आणखी एक कारण होतं, जे कर सल्लागार दबक्या आवाजात सांगायचे. खातेदार गेल्यावर वारसांना मिळणाऱ्या रकमेवर वारसांना कर लागत नाही, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 1989 मध्येच परिपत्रक काढून स्पष्ट केलं होतं. टीडीएसच्या कलमातही वारसांना दिलेली रक्कम वगळलेली होती. परिणाम असा की ज्याने पैसे साठवले त्याने काढले तर कर, आणि त्याच्या मुलांनी काढले तर कर नाही. मग माणूस म्हणायचा, राहू दे, पोरांना होईल. स्वतःच्या औषधपाण्याला, स्वतःच्या म्हातारपणी तो पैसा वापरायचा नाही. या नियमाने अनेकांना स्वतःच्याच पैशापासून लांब ठेवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग आलं 2024. जुलैमध्ये अर्थ मंत्रालयाने अनियमित अल्पबचत खात्यांबद्दल नियम काढले. त्यात एकाच माणसाने एनएसएस-87ची दोन किंवा अधिक खाती उघडली असतील तर कोणत्या खात्याला कोणतं व्याज हे ठरवलं गेलं: पहिल्या खात्याला योजनेचा दर, दुसऱ्याला त्याहून कमी. तुमच्या घरी दोन पासबुकं असतील आणि हाती येणारी रक्कम अपेक्षेपेक्षा कमी भरली, तर कारण बहुधा हेच. त्यानंतर 29 ऑगस्ट 2024 ची अधिसूचना आली: 1 ऑक्टोबरपासून या खात्यांवर व्याज नाही.

आता खातेदारापुढे इकडे आड तिकडे विहीर. ठेवावं तर व्याज नाही, काढावं तर सगळ्यावर कर. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या माणसांना सरकारने एका महिन्याच्या मुदतीवर या कोंडीत टाकलं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. कराचा निर्णय व्याजबंदीच्या बरोबरच यायला हवा होता. तो आला पाच महिन्यांनी. 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं की व्यक्तींनी 29 ऑगस्ट 2024 पासून या खात्यांतून काढलेली रक्कम करमुक्त राहील. वित्त कायदा 2025 ने कलम 80सीसीएमध्ये तशी दुरुस्ती पूर्वलक्षी प्रभावाने केली. उधारीची ती वही सरकारने स्वतःहून फाडली.

पूर्वलक्षी हा शब्द इथे नीट समजून घ्या, कारण अनेकांचे पैसे त्यावर अवलंबून आहेत. घोषणा फेब्रुवारी 2025 ची, पण सवलत लागू ऑगस्ट 2024 पासून. मधल्या काळात ज्यांनी पैसे काढले त्यांचा टीडीएस कापला गेला, कारण पोस्टाच्या हाती कापू नका असं सांगणारा कागद नव्हता. व्यक्तींना दिलेल्या या रकमेवर 194ईई खाली कपात करू नये, ही अधिसूचना 4 एप्रिल 2025 रोजी निघाली. म्हणजे सप्टेंबर 2024 ते मार्च 2025 या महिन्यांत खातं बंद करणाऱ्या कुणाचे 12 लाखांवर 1,20,000 कापले गेले असतील, तर ते सगळे त्यांचे आहेत.

पण ते आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी विवरणपत्र भरावंच लागतं, उत्पन्न कितीही कमी असलं तरी. आर्थिक वर्ष 2024-25, निर्धारण वर्ष 2025-26. फॉर्म 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावे कापलेल्या कराच्या विभागाकडच्या नोंदीत, 194ईई समोर कपात दिसते का ते आधी पाहावं. काढलेली रक्कम करमुक्त उत्पन्न म्हणून दाखवावी, म्हणजे विभागाकडच्या माहितीशी ती जुळते, आणि टीडीएसचा परतावा मागावा. उशिरा विवरणपत्र भरण्याची किंवा भरलेलं सुधारण्याची मुदत 31 डिसेंबर 2025 होती. ती चुकली असेल तरी दार बंद झालेलं नाही. परतावा मागायचा राहून गेला असेल तर विलंब माफ करावा असा अर्ज प्राप्तिकर विभागाकडे कलम 119 खाली करता येतो, आणि निर्धारण वर्ष संपल्यापासून 5 वर्षांच्या आत तो करावा लागतो. वय, आजारपण, नियम मागाहून बदलला, ही कारणं त्यात मोकळेपणाने लिहावीत. अद्ययावत विवरणपत्र या नावाची जी सोय आहे तिने हे काम होत नाही. तिथे परतावा मागता येत नाही.

सवलत ज्यांना मिळत नाही असे दोन गट आहेत.

पहिला, 29 ऑगस्ट 2024 च्या आधी पैसे काढलेले. 28 ऑगस्टला काढले असतील तरी जुना नियम, पूर्ण कर. जुलैत नवे नियम निघाल्यावर घाबरून धावत पोस्टात गेलेल्यांना याचा सर्वांत जास्त फटका बसला. त्यांच्यासाठी मला कायद्यात वाट दिसत नाही, आणि खोटी आशा दाखवणं बरं नव्हे.

दुसरा गट हिंदू अविभक्त कुटुंबांचा (एचयूएफ). 80सीसीएची वजावट व्यक्तींसारखीच एचयूएफलाही मिळत होती, आणि व्यापारी घरांमध्ये कुटुंबाच्या नावाने अशी खाती काढलेली आढळतात. 2025 ची सवलत मात्र फक्त व्यक्तींना आहे. एचयूएफने पैसे काढले तर ते आजही उत्पन्न, आणि टीडीएसही कापला जाणार. व्याज तर त्यांचंही बंद झालंय. इथे जुनीच युक्ती कामाला येते. कुटुंबाच्या नावावर दुसरं फारसं उत्पन्न नसेल तर रक्कम दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागून काढावी. 2025-26 पासून नव्या प्रणालीत पहिल्या 4 लाखांवर कर नाही. 12 लाखांपर्यंत कर शून्य करणारी जी सूट आपण ऐकतो ती एचयूएफला नाही, हे लक्षात ठेवून हिशोब मांडा. पैसे बिनव्याजी राहतात हे नुकसान एका बाजूला, वाचणारा कर दुसऱ्या बाजूला. तीन वर्षांहून जास्त ताणण्यात सहसा अर्थ उरत नाही. पासबुकावर नाव नुसतं वडिलांचं आहे की 'कर्ता', म्हणजे एचयूएफचे प्रमुख, म्हणून वडिलांचं आहे, हे त्यासाठी आधी नीट वाचा. एका शब्दाने लाखभर रुपयांचा फरक पडतो.

नावांवरूनही फार गोंधळ होतो. राष्ट्रीय बचत पत्र म्हणजे एनएससी, ही वेगळी गोष्ट. तिच्या व्याजावर कर लागतो, आणि मुदत संपली तरी मुद्दलावर कधीच लागत नाही. किसान विकास पत्राचं व्याज करपात्र आहे. पोस्टाच्या साध्या बचत खात्याच्या व्याजावर एकट्याच्या नावे 3,500 आणि संयुक्त खात्यात 7,000 रुपयांपर्यंत करमाफी आहे. "पोस्टातले पैसे आता टॅक्स फ्री झाले" असं कुणी सांगितलं तर कोणतं खातं हे विचारा. 2025 ची सवलत राष्ट्रीय बचत योजनेची, म्हणजे एनएसएसची आहे. ठेवीच्या तारखा 1 एप्रिल 1987 ते 31 मार्च 1992 या दरम्यानच्या असतील तर हीच ती योजना.

काढायला जाताना पासबुक, पॅन, आधार आणि ज्या खात्यात पैसे यायचे त्याचा तपशील न्यावा. खातं उघडताना पॅन-आधार नव्हतंच, त्यामुळे केवायसी नव्याने करून घेतात. पासबुकावरचं नाव 'रामचंद्र' आणि आधारवर 'रामचन्द्र राव' असं असेल तर ते आधी सांधून घ्या. खेपा बहुतेक यामुळेच वाढतात. काउंटरवर टीडीएस कापतो म्हणाले तर 4 एप्रिल 2025 च्या अधिसूचनेचा उल्लेख शांतपणे करा.

खातेदार हयात नसतील तर वारसांच्या बाबतीत कराची बाजू पूर्वीसारखीच सोपी आहे. पोस्टाकडे नामनिर्देशन असेल तर त्या व्यक्तीला पैसे मिळतात, पण ती विश्वस्त म्हणून. इतर वारसांचा हक्क त्याने बुडत नाही. भावंडांत याची आधीच बोलणी झालेली बरी.

पैसे हातात आल्यावरचा कर वेगळा, आणि तो कुणी माफ केलेला नाही. 12 लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, जिथे एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, तर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 24,600 रुपये हाती येतील. जुन्या खात्यात पडून राहिल्याने महिन्याला 8,200 रुपये जात होते असंही ते वाचता येतं. हे नवं व्याज मात्र पूर्ण करपात्र आहे. एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल तर तसं घोषणापत्र भरून देऊन टीडीएस टाळता येतो. आणि आजोबांनी ते पैसे आजीच्या किंवा सुनेच्या नावे ठेवले, तरी त्यावरचं व्याज आजोबांच्याच उत्पन्नात धरलं जातं. मुलाला किंवा मुलीला, ती सज्ञान असतील तर, दिले तर तसं होत नाही.